ताटलीभोवतीची हद्द

कुत्रा जेवत असताना कुणी जवळ आलं, की आधी त्याची मान ताटलीवर आणखी खाली जाते. खाण्याचा वेग वाढतो, अंग ताठरतं, आणि माणूस तरीही पुढे सरकला तर घशातून खर्जातला आवाज येतो. घरातल्यांचं लक्ष जातं ते या शेवटच्या आवाजाकडे, आणि त्याचा अर्थही बहुतेकदा आधीच ठरलेला असतो: शेफारलाय, डोक्यावर बसलाय, घरात चालतं कुणाचं हे विसरलाय. उपायही याच अर्थातून निघतो. ताटली उचलायची, दरडावायचं, एखादी चापट द्यायची, किंवा रोज जेवताना मुद्दाम त्याच्या अन्नात हात घालून ते आपल्या मेहेरबानीचं आहे हे त्याच्या गळी उतरवायचं. माझं म्हणणं असं, की इथे निदान चुकतं आणि म्हणूनच औषध उलटतं. अन्न, हाडूक, पळवलेला मोजा किंवा सोफ्याचा कोपरा राखणाऱ्या कुत्र्याच्या मनात सत्तेचा प्रश्न नसतो. त्याने एक अंदाज बांधलेला असतो, की हा माणूस जवळ येतोय म्हणजे माझ्याकडचं जाणार. गर्दीच्या लोकलमध्ये पाकिटाच्या खिशावर हात ठेवून उभ्या असलेल्या प्रवाशाला कुणी उद्दाम म्हणत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण तेवढा विचार करत नाही.

सत्तेची ही कल्पना आली कुठून, हे पाहण्यासारखं आहे. रुडॉल्फ शेंकेल या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९४७ मध्ये एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. बंदिस्त जागेत कोंडलेल्या त्या लांडग्यांमध्ये वरच्या स्थानासाठी झगडे होत, आणि कळपाच्या म्होरक्याचं जे चित्र पुढे लोकप्रिय झालं ते बरंचसं इथून आलं. अमेरिकी लांडगा-अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ते दूरवर पोचवलं. पण याच मीच यांनी नंतर कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या एल्समीअर बेटावर रानटी लांडगे वर्षानुवर्षं जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःचीच मांडणी दुरुस्त केली. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची मुलं. ज्याला म्होरक्या म्हणत होतो तो त्या घरातला बाप असतो, स्पर्धा जिंकून आलेला पहिलवान नव्हे. कुत्रा पाळणाऱ्यांच्या जगात ही दुरुस्ती फार उशिरा पोचली. न्यू स्कीट या न्यूयॉर्क राज्यातल्या मठातल्या साधूंनी १९७८ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरण्याचा उपाय सांगितला होता. पुढच्या आवृत्तीत त्यांनी तो मागे घेतला, पण तोवर तो घरोघरी गेला होता आणि अजूनही तिथेच आहे.

आपल्या प्रश्नासाठी मीच यांचं दुसरंच एक निरीक्षण जास्त मोलाचं आहे. लांडग्याच्या तोंडाभोवती मालकीची एक छोटीशी हद्द असते. त्या हद्दीतलं अन्न त्याचं. कळपातला खालच्या पायरीवरचा लांडगासुद्धा ते वरच्या लांडग्यापासून राखतो. राखणं हे सत्तेचं लक्षण असतं, तर वरचा राखताना आणि खालचा मुकाट सोडून देताना दिसला पाहिजे. प्रत्यक्षात तोंडाजवळच्या घासापुरती सगळी उतरंड बाजूला पडते. म्हणजे ज्या वागण्याला आपण बंडखोरी समजतो, ते लांडग्यांच्या समाजात दुबळ्याचाही मान्य हक्क आहे. कुत्रा लांडगा नाही, हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्याखरकट्यावर जगून तो वेगळा झाला आहे, आणि लांडग्यावरून कुत्र्याबद्दल फार काही बोलू नये हे मलाही मान्य आहे. पण सत्तेचा सिद्धान्त मुळात लांडग्यांच्या नावावर उभा केला गेला होता. त्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतली तर तो उलट साक्ष देतो, एवढंच.

कुत्र्यांचीच साक्ष हवी तर ती आपल्या रस्त्यांवर मिळते. कोलकात्याजवळच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी बरीच वर्षं बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. त्यांतल्या मानबी पाल यांच्या कामात आई आणि पिल्लं यांच्यात अन्नावरून होणारी ओढाताण मोजली गेली. पिल्लं मोठी होत जातात तशी आई वाटून खायला नाखूश होत जाते, आणि अन्न जितकं कसदार तितकी ही ओढाताण तीव्र. आपल्याच पिल्लावर गुरगुरणारी कुत्री त्याला घरातली पायरी दाखवून देत नसते. ती त्या घासाची किंमत करत असते. पाळलेल्या कुत्र्याबद्दल नेहमी विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: दोन वेळ पोटभर खाणारा कुत्रा कशाला राखेल? तो भुकेपोटी राखत नाही, वस्तू त्याला किती मोलाची वाटते यावर राखतो. म्हणून रोजचे कोरडे दाणे अर्धे टाकून उठणारा कुत्रा रविवारी मटणाचं हाडूक मिळालं की पलंगाखाली जातो आणि घरच्यांनाही तिथे फिरकू देत नाही. एखाद्याला मोज्याची किंमत हाडकाहून जास्त असते, आणि ती बहुधा आपणच वाढवलेली असते, घरभर त्याच्यामागे धावून.

आता उपायांकडे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेगन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी वागण्याच्या तक्रारीसाठी दवाखान्यात आणलेल्या कुत्र्यांच्या १४० मालकांना, आजवर काय काय करून पाहिलं आणि कुत्र्याने काय केलं, असं विचारलं. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नको ते वागल्यावर मारणाऱ्या-लाथाडणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांनी सांगितलं, की कुत्रा उलट अंगावर आला. तोंडातली वस्तू जबरदस्तीने काढून घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के, उताणा पाडून दाबणाऱ्यांत ३१ टक्के. हे मुळातच बिघडलेले कुत्रे होते, त्यावरून सरसकट निष्कर्ष काढता येणार नाही, असा आक्षेप इथे घेता येतो आणि तो रास्त आहे. शांत स्वभावाच्या कुत्र्याच्या तोंडातून चप्पल ओढून काढली तर शंभरातल्या नव्वदांना काही होत नसेलही. पण ज्या कुत्र्यासाठी उपाय शोधायचाय तो कुत्रा शांत नाही, गुरगुरणाराच आहे. नेमक्या त्याच गटात जबरदस्तीचा उपाय दर पाच घरांपैकी दोन घरांत दात दाखवतो, तर तो घरी करून पाहण्याजोगा नाही, एवढं म्हणायला ही आकडेवारी पुरते.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात जॅकलिन जेकब्ज आणि सहकाऱ्यांनी केलेली पाहणी याच्याही पुढे जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात कुत्रा जेवत असताना ताटली काढून घेण्याची सवय आणि राखण्याचं तीव्र वागणं यांचा संबंध दिसला. उलट जेवण चालू असताना ताटलीत काहीतरी चविष्ट आणून टाकणाऱ्या घरांत हे वागणं कमी होतं. यावर संख्याशास्त्र जाणणारा वाचक लगेच हात वर करील: कारण कुठलं आणि परिणाम कुठला? कुत्रा गुरगुरतो म्हणून लोक त्याला सुधारायला ताटली उचलत असतील. अशा पाहणीतून हा गुंता पूर्ण सुटत नाही, हे खरं. तरी दोन गोष्टी उरतात. कारण-परिणामाची दिशा उलटी मानली, तरी ताटली उचलणाऱ्यांचे कुत्रे सुधारल्याचं दिसत नाही. आणि दुसरं, शिकण्याचे जे नियम आपल्याला शतकभर ठाऊक आहेत ते इथे काय सांगतील? हात ताटलीकडे आला आणि ताटली गेली, असं वीसदा घडलं तर कुत्र्याने हात आणि नुकसान यांची सांगड न घालणं हेच आश्चर्य ठरेल. पिल्लू लहान आहे तोवर अन्नात हात घालून सवय लावावी, हा आपल्याकडे फार प्रेमाने दिला जाणारा सल्ला. काही पिल्लं ते सोसतात. बाकीच्यांना आपण अगदी पद्धतशीरपणे, दिवसातून दोन वेळा, राखायला शिकवतो.

गुरगुरण्याला शिक्षा करण्याचा एक जास्त धोकादायक परिणाम होतो. गुरगुर हे भांडण टाळण्याचं साधन आहे. प्राण्यांमधल्या झगड्यांचं गणित जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ मध्ये मांडलं. जखमा महाग असतात, म्हणून धमकी देऊन प्रकरण मिटवणं बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना परवडतं, असा त्याचा गाभा आहे. कुत्र्याकडे या धमकीच्या अनेक पायऱ्या आहेत, आणि ब्रिटनमधल्या पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी त्या एका शिडीच्या चित्रात मांडल्या आहेत. राखणाऱ्या कुत्र्यात त्या साधारण अशा दिसतात: घाईने गिळणं, वस्तू तोंडात धरून दूर जाणं, अंग थिजणं, मान न वळवता डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं पाहणं, मग ओठ उचलणं, गुरगुरणं, हवेत दात वाजवणं आणि शेवटी चावा. जेकब्ज यांच्या कामात घाईने गिळणं आणि वस्तू घेऊन सटकणं हीसुद्धा राखण्याचीच रूपं धरली आहेत, हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं, कारण घरात त्यांचं कौतुक होतं: 'काय भराभरा खातो बघा!' गुरगुरण्याबद्दल मार बसला तर भीती तिथेच राहते, फक्त आवाज जातो. मग एके दिवशी 'काही न करता' चावल्याची तक्रार येते. त्याआधीच्या पायऱ्या माणसांनीच काढून टाकलेल्या असतात.

मग करायचं काय? याचं उत्तर कुत्र्यांच्या शाळेत सापडण्याआधी एका लहान मुलावरच्या प्रयोगात सापडलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. पीटर आवडीचं काही खात असताना ससा पिंजऱ्यात, बऱ्याच अंतरावर आणला जाई. तो अस्वस्थ होणार नाही एवढं अंतर राखून ससा हळूहळू जवळ येत गेला आणि अखेरीस पीटर त्याला हात लावू लागला. भीतीची वस्तू थोड्या मात्रेत, सुखाच्या गोष्टीशी जोडून द्यायची, हे सूत्र. कुत्र्याच्या बाबतीत ससा म्हणजे आपण. तो जेवत असताना, तो मान वर करणार नाही किंवा थिजणार नाही इतक्या लांबून चालत यायचं, त्याच्या ताटलीतल्या अन्नापेक्षा सरस असं काही, उकडलेल्या चिकनचा तुकडा म्हणा, त्याच्या बाजूला टाकायचा आणि परत फिरायचं. ताटलीला हात नाही, बोलणं नाही, कुरवाळणं तर नाहीच. क्रम महत्त्वाचा आहे: आधी येणं, मग तुकडा. तुकडा दाखवत आलात तर तो तुकड्याकडे बघतो, तुमच्या येण्याचा अर्थ बदलत नाही. काही दिवसांनी पावलं वाजली की त्याची शेपटी सैल हलू लागते आणि तो मान वर करून वाट पाहतो. तेव्हा अंतर एका पावलाने कमी करायचं. याला काही आठवडे लागतात, कुठे काही महिने. शिवाय एकाने मिळवलेला विश्वास दुसऱ्याला आपोआप मिळत नाही. आईच्या पावलांना शेपटी हलवणारा कुत्रा आजोबांच्या काठीच्या आवाजाला थिजू शकतो, आणि ताटलीपाशी निवळलेला हाडकापाशी पुन्हा ताठरतो. प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक वस्तूला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तोंडातल्या वस्तूसाठी 'सोड' हा शब्द शिकवावा, तोही सौद्याच्या रूपात. बिनमहत्त्वाच्या खेळण्यापासून सुरू करायचं. त्याने ते सोडलं की चांगलं काही द्यायचं, आणि शक्य असेल तेव्हा खेळणंही परत द्यायचं. ही परतफेड लोक विसरतात. सोडलं की जातंच असं ठरलं, तर तो सोडणार नाही. सोडलं तरी बहुतेकदा परत मिळतं, वर खाऊही मिळतो, असं ठरलं तर सोडण्यात त्याचं काही बिघडत नाही. ग्वेल्फच्या पाहणीतही वस्तू सोडायला शिकवलेले कुत्रे पळवापळवी आणि गिळागिळी कमी करताना दिसले.

ही लाचच झाली, हा आक्षेप ठरलेला. लाच काम होण्याआधी, काम करवून घेण्यासाठी देतात आणि ती थांबली की काम थांबतं. इथे आपण कुत्र्याकडून काही करवूनच घेत नाही, आपल्या येण्याची किंमत त्याच्या मनात बदलतो. दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे: गुरगुरणाऱ्या कुत्र्याला चिकन दिलं तर तो चिकनसाठी गुरगुरायला शिकणार नाही का? भीती ही काही बक्षिसासाठी केलेली करामत नाही, खाऊ दिल्याने ती वाढत नाही, उतरते. तरीही गुरगुर ऐकल्यावरच तुकडा टाकायचा असा पायंडा पडला तर गोंधळ होऊ शकतो, हे मी नाकारणार नाही. म्हणूनच अंतराचा एवढा आग्रह. गुरगुर आलीच तर आपण फार जवळ गेलो एवढा निरोप घ्यायचा, तिथे थांबायचं, सावकाश मागे व्हायचं आणि पुढच्या वेळी लांबून सुरुवात करायची. माघार घेतली तर तो जिंकला असं वाटणाऱ्यांना सांगण्यासारखं एकच आहे, की ही कुस्ती नाही.

शिकवण्याइतकीच, किंबहुना जास्तच, घराची रचना कामी येते. आपल्या फ्लॅटमध्ये कुत्र्याची ताटली बहुधा स्वयंपाकघराच्या दाराशी किंवा पॅसेजमध्ये असते, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. ती बाल्कनीत किंवा आतल्या खोलीच्या कोपऱ्यात नेली, जेवताना दार लोटलं, तर अर्ध्या घरांत प्रश्नाची धार जाते. दोन कुत्रे असतील तर दोन खोल्या. हाडूक राखत असेल तर हाडूक बंद. पळवलेली वस्तू निरुपद्रवी असेल तर तिच्यामागे जायचं नाही. औषधाची पट्टी किंवा सुई असेल तर लांब चार-पाच ठिकाणी खाऊ उधळून त्याला तिकडे वळवायचं आणि मधल्या वेळात ती उचलायची. लहान मूल असेल तर यातलं काहीच ऐच्छिक नाही. इलाना राइसनर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मुलांना झालेल्या १११ चाव्यांचा अभ्यास केला. सहा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत ४४ टक्के चावे अन्न किंवा वस्तू राखण्यातून झाले होते. चावलेल्या कुत्र्यांपैकी ६६ टक्के त्याआधी कधी मुलाला चावले नव्हते. 'आमचा कुत्रा तसा नाही' या वाक्यावर किती भरवसा ठेवायचा, ते या आकड्यावरून ठरवावं. रांगणारं मूल पायऱ्या वाचत नाही, आणि त्याचा चेहरा नेमका ताटलीच्या उंचीवर असतो. चावा झालाच तर कुत्रा घरचा असो, लस टोचलेला असो, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि तडक डॉक्टरकडे जायचं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय नसतो.

राइसनर यांच्याच अभ्यासात निम्म्या कुत्र्यांमध्ये कसलं ना कसलं शारीरिक दुखणं आढळलं होतं किंवा त्याचा संशय होता. आजवर न राखणारा आठ वर्षांचा कुत्रा अचानक आपल्या गादीपाशी कुणाला येऊ देईनासा झाला, तर शिकवणी लावण्याआधी पशुवैद्याकडून कंबर, सांधे, दात आणि कान तपासून घ्यावेत. दुखऱ्या कंबरेला धक्का लागेल ही भीती आणि घास जाईल ही भीती बाहेरून सारखीच दिसते.

राखणं परिस्थितीवर किती अवलंबून असतं, हे निवाऱ्यांतल्या चाचण्यांवरून कळतं. अमेरिकेत कुत्रा दत्तक देण्याआधी, तो खात असताना काठीला लावलेला कृत्रिम हात ताटलीत घालून पाहण्याची पद्धत होती. एमी मार्डर आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात या चाचणीत राखणारे ठरलेल्या २० कुत्र्यांपैकी ११ नव्या घरीही राखताना दिसले. म्हणजे जवळपास निम्मे नव्या घरी तसे वागले नाहीत. आणि चाचणीत शांत राहिलेल्या ७७ पैकी १७ घरी गेल्यावर राखू लागले. आकडे लहान आहेत, पण भुंकण्याच्या कल्लोळात पिंजऱ्यात बसलेल्या प्राण्यावर कायमचा शिक्का मारण्याइतकी ही चाचणी भरवशाची नाही, एवढं त्यांतून दिसतं.

काही कुत्र्यांच्या बाबतीत हे सगळं घरी करण्यासारखं नसतं. ज्याने खोल चावा घेतला आहे, जो अनेक वस्तू राखतो, ज्याच्या पायऱ्या मारामुळे पुसल्या गेल्या आहेत, त्याच्यासाठी जाळीची मुस्की, प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास असलेला पशुवैद्य आणि कधीकधी औषधं लागतात. काही कुत्रे जन्मभर बंद दाराआडच जेवतील. त्यात बिघडत काहीच नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनीही हाच हिशेब करावा. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत खाऊ घालण्याची जागा जिने, इमारतींची प्रवेशद्वारं आणि मुलांची खेळायची जागा यांपासून दूर असावी असं म्हटलं आहे. सोसायट्यांच्या भांडणांत हा नियम कुत्रेद्वेष्ट्यांची सोय म्हणून मिरवला जातो, पण तो कुत्र्यांच्याही बाजूचा आहे. जिथे रोज ठरल्या वेळी चिकनभात मिळतो ती जागा मोलाची होते, आणि मोलाची जागा राखली जाते. ती गेटजवळ असेल तर सकाळी शाळेच्या बसकडे धावणारं प्रत्येक पोर त्या कुत्र्याच्या लेखी ताटलीकडे येणारा हात ठरतं.